‘सुटला’ आणि ‘खरा झाला’ : दोषनिवृत्तिवाचक मराठी शब्दांचा विचार

मराठी वृत्तपत्रांतील एक वाक्य वाचकांच्या इतक्या परिचयाचे झाले आहे की त्यातील विसंगती आता कोणास खटकत नाही. अमक्या खटल्यातील आरोपीची सबळ पुराव्याअभावी निर्दोष मुक्तता झाली, असे ते वाक्य. ह्यात तीन विधाने आहेत आणि तिन्ही तीन दिशांना ओढतात. ‘निर्दोष’ म्हणजे दोष नव्हताच. ‘मुक्तता’ म्हणजे बंधन होते, ते गेले. दोषाविषयी ह्या शब्दास काही सांगावयाचे नाही. आणि ‘सबळ पुराव्याअभावी’ म्हणजे पुरावा होता, पण दुबळा होता. पहिल्या विधानाने जे दिले ते तिसऱ्याने काढून घेतले. वाचक वृत्तपत्र खाली ठेवतो तेव्हा त्याच्या मनात जो ग्रह उरतो तो बहुधा तिसऱ्या विधानाचा असतो, आणि ज्याच्याविषयी ते वाक्य छापले गेले तो मनुष्य उरलेले आयुष्य त्या ग्रहाखाली काढतो.

दोष गेला हे सांगण्याच्या मराठीत निदान तीन रीती आहेत आणि त्या परस्परांच्या जागी वापरता येत नाहीत, असे दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. मनुष्य ‘खरा’ होतो, मनुष्य ‘शुद्ध’ होतो, किंवा मनुष्य ‘सुटतो’. आमच्या कोशांनी हे व ह्यांच्या भोवतालचे शब्द एकमेकांचे पर्याय म्हणून देण्याची सवय लावून घेतली आहे. त्यामुळे भाषेने जपलेला एक महत्त्वाचा विवेक पुसट होत चालला आहे. शब्द बदलला की त्या माणसाला काय परत मिळाले, तेही बदलते. उदाहरणे शक्य तेथे जुन्या कुलाबा जिल्ह्यातील, म्हणजे १९८१ पासून रायगड हे नाव धारण करणाऱ्या जिल्ह्यातील घेतली आहेत. ह्यात केवळ स्थानिक अभिमान नाही. खुद्द रायगड, खाली सावित्रीच्या काठचे महाड आणि अलिबागजवळचे नवगाव ह्या तीन ठिकाणांच्या इतिहासात ह्या शब्दांची जी परीक्षा झाली, तशी एकाच जिल्ह्यात अन्यत्र क्वचितच झाली असेल.

प्रथम दोषारोपाचे शब्द पाहू, कारण तेथे मराठी श्रीमंत आहे. आळ, आरोप, तोहमत, किटाळ, कुभांड, बालंट, ठपका, बोल, डाग, बट्टा, काळिमा. ह्यांपैकी प्रत्येकाचे क्रियापद वेगळे आहे, आणि अर्थाची खरी किल्ली त्या क्रियापदातच आहे. आळ ‘घेतात’ किंवा ‘घालतात’, व ज्याच्यावर तो घातला जातो त्याच्यावर तो ‘येतो’; म्हणजे आळाला घेणारा एक कर्ता असतो. किटाळ आणि बालंट नुसतेच येते, पावसासारखे, कर्त्यावाचून. कुभांड ‘रचतात’, तेथे कारागिरी आहे. ठपका ‘ठेवतात’, आणि तो ठेवणारा अधिकाराने वरचा असतो. शेजाऱ्याने शेजाऱ्यावर ठपका ठेवल्याचे सहसा ऐकू येत नाही. डाग ‘लागतो’, बट्टाही लागतो, मात्र बट्टा हा व्यक्तीपेक्षा तिच्या नावाला व कुळाला लागतो. आता उलट दिशेने पाहावे. किटाळ टळते. डाग धुऊन निघतो किंवा पुसला जातो. पण घेतलेल्या आळाचे काय होते? रचलेल्या कुभांडाचे? ठेवलेला ठपका उचलतो कोण? येथे आमची क्रियापदे अडखळतात. दोष अंगावर टाकण्याची क्रिया मराठीने बारकाईने पाहिली आहे. तो उतरविण्याची क्रिया तिने मोठ्या प्रमाणात उसन्या व्यवसायांवर सोपविली आहे. धुतल्या तांदळाची उपमा स्वयंपाकघरातून आली, तावून सुलाखून निघणे हे सोनाराकडून. त्यातही धुतल्या तांदळाचे नशीब असे की तो वाक्प्रचार बहुधा नकारातच येतो: अमका काही धुतल्या तांदळासारखा नाही. होकारात आलाच तर वक्त्याच्या स्वरात उपरोध असतो. ‘साळसूद’ आणि लाक्षणिक ‘सोवळा’ ह्यांचीही तीच गत झाली.

‘निर्’ आणि ‘निस्’ लागून झालेल्या संस्कृत शब्दांना आम्ही समानार्थी मानतो, परंतु वापर तसे सांगत नाही. दंगलीत किंवा दुष्काळात बळी गेलेले लोक ‘निरपराध’ असतात. त्यांच्यावर कोणी आरोप ठेवलेलाच नसतो. ‘निष्पाप’ हा मुख्यतः बालकांचा शब्द आहे. पाप करण्याचे वय आलेले नाही असा त्यात भाव आहे. ‘निष्कलंक’ चारित्र्याला लागतो, एका प्रसंगाला लागत नाही. ‘निर्मळ’ मनाला लागतो. उरला ‘निर्दोष’. हा एकच शब्द आरोप होऊन गेल्यानंतर वापरता येतो, आणि गंमत अशी की तो हिऱ्याला, छपाईला आणि छंदालाही लागतो. म्हणजे ज्या शब्दावर आम्ही आरोपीची सगळी अब्रू टांगली आहे, तो मुळात वस्तूच्या गुणवत्तेचा शब्द आहे. शिवाय ह्या सर्व शब्दांची रचनाच अशी की दोषाचे नाव घेतल्यावाचून दोषाचा अभाव सांगता येत नाही. अपराध, पाप, कलंक, मळ, दोष हे शब्द उच्चारात आधी कानावर राहतात; उपसर्ग विरून जातो.

ह्याच्या अगदी उलट रचना ‘खरा’ ह्या शब्दाची आहे. मराठेशाहीतील निवाड्यांच्या कागदांत ज्याचे म्हणणे टिकले तो ‘खरा’ झाला आणि ज्याचे टिकले नाही तो ‘खोटा’ झाला. विशेष हे की येथे खरे ठरते ते केवळ विधान नव्हे, तर मनुष्यच. वतनाचा वाद असो वा चोरी-बदफैलीचा आळ असो, कागदपत्र आणि साक्षी ह्यांनी निर्णय न लागल्यास दिव्याचा मार्ग होता. याज्ञवल्क्यस्मृतीने तुला, अग्नी, जल, विष आणि कोश अशी पाच दिव्ये सांगितली आहेत. महाराष्ट्रात त्यांपेक्षा रवादिव्य अधिक रूढ झाले. कढत तेलातुपातून धातूचा तुकडा, म्हणजे रवा, हाताने काढावयाचा. मग हात पिशवीत बांधून तिच्यावर मोहोर करावयाची, आणि नेमल्या दिवशी, बहुधा तिसऱ्या दिवशी, सभेसमक्ष ती मोहोर फोडून हात पाहावयाचे. दिव्य करणाराच्या कपाळी त्याच्या प्रतिज्ञेचा कागद बांधीत; त्यास भाळपत्र म्हणत. ‘उजळ माथ्याने फिरणे’ हा वाक्प्रचार आठवून येथे व्युत्पत्तीचा मोह होतो. तो आवरावा हे बरे. परंतु कपाळ हीच अब्रूची जागा मानण्याची दृष्टी दोन्हीकडे एकच आहे, एवढे म्हणता येईल.

दिव्याचे समर्थन करण्याचा येथे हेतू नाही. कढत तेलास सत्यासत्य कळत नाही, आणि भाजलेल्या हाताचे कित्येक खरे लोक खोटे ठरले असतील. डॉ. वि. त्र्यं. गुणे ह्यांनी मराठ्यांच्या न्यायपद्धतीवरील आपल्या १९५३ च्या ग्रंथात ह्या साऱ्या व्यवहाराचे जे साधार वर्णन केले आहे, ते वाचताना अंगावर काटा येतो. मुंबई इलाख्यात १८२७ च्या कायदेसंग्रहाने न्यायदानास वेगळे वळण लागले, ह्याबद्दल कोणी हळहळण्याचे कारण नाही. आमचे लक्ष आहे ते दिव्यानंतरच्या कागदांकडे. निवाडा एका न्यायाधीशाचा नसे. गोतसभा बसे, आणि महजरावर हजर असलेल्यांची नावे व निशाण्या होत. जिंकणारास जयपत्र मिळे. आणि हरणारास येजितखत लिहून द्यावे लागे. आपण खोटे झालो, ह्या गोष्टीस आपले काही म्हणणे उरले नाही, असे त्याने आपल्या हाताने जिंकणारास लिहून द्यावयाचे. हा कागद आम्हास फार अर्थपूर्ण वाटतो. आळ ज्याने घेतला त्यानेच तो परत घेतल्यावाचून मनुष्य पुरता ‘खरा’ होत नाही, अशी त्यामागील समजूत आहे. वर आळाचे उलट क्रियापद सापडत नाही असे म्हटले. ते भाषेने गमावले, पण एके काळी व्यवहारात ते होते आणि त्याला कागद होता.

पुराणकथेतही हेच दिसते. भाद्रपद शुद्ध चतुर्थीचा चंद्र पाहिला म्हणजे चोरीचा आळ येतो, ह्या समजुतीच्या मुळाशी स्यमंतक मण्याची कथा आहे. सत्राजिताने कृष्णावर मणी चोरल्याचा आळ घेतला. कृष्णाने जांबवंताच्या गुहेतून तो मणी आणून त्याच्या हाती दिला, तेथे पुरावा पुरा झाला. पण कथा तेथे संपत नाही. सत्राजित लज्जित होऊन सत्यभामा कृष्णास देतो तेव्हा ती संपते. सत्यभामेचे लग्न हे सत्राजिताचे येजितखत आहे असे म्हटले तर पौराणिक रागावतील, पण कथेचा घाट तसाच आहे. आणि ज्याने चुकून चंद्र पाहिला त्याने ही कथा ऐकावी, हा उपाय सांगितला गेला, ह्यातही मर्म आहे: आळ गेला हे चारचौघांत सांगितले जाणे, हाच आळ जाण्याचा एक भाग होय.

रायगडावर शिवाजी महाराजांच्या आज्ञेने राज्यव्यवहारकोश सिद्ध झाला आणि दरबारी व्यवहारातील फार्सी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द योजले गेले, हे सर्वश्रुत आहे. राजभाषेचा तो संकल्प थोर होताच. परंतु न्यायाच्या बोलीत काय टिकले ते पाहण्यासारखे आहे. गुन्हा, तोहमत, जामीन, फिर्याद, माफी हे शब्द आजही तोंडी आहेत. दोष लावण्याच्या बाजूला परभाषेने खोल मुळे धरली. ‘खरा’ आणि ‘खोटा’ ही जोडी मात्र कोणी बदलली नाही, कारण ती कोशातील नव्हती, गावच्या पाराची होती.

आता ‘शुद्ध’ हा शब्द घेऊ. ‘खरा’ होण्यात दोष नव्हताच असा निर्वाळा आहे; ‘शुद्ध’ होण्यात दोष होता, तो गेला, अशी कबुली आहे. हा भेद फार मोठा आहे आणि तो न पाळल्याने आम्ही ज्यास न्याय म्हणतो तो पुष्कळदा केवळ दया असते. संन्याशाची मुले म्हणून बहिष्कृत झालेल्या निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान व मुक्ताबाई ह्यांनी पैठणच्या ब्रह्मसभेकडे जाऊन शुद्धिपत्र मागितले, ही परंपरेतील कथा ह्या दृष्टीने पुन्हा वाचावयास हवी. ज्यांनी काही केलेच नव्हते त्यांना शुद्धी मागावी लागली. पत्र मिळाले, पण त्या पत्राने असे म्हटले नाही की तुमच्यावर ठेवलेला दोष मुळात लटका होता. ते म्हणणे पुढे काळाने म्हटले. आजच्या मुद्रणव्यवहारात ‘शुद्धिपत्र’ म्हणजे ग्रंथाच्या शेवटी लावलेली चुकांची यादी. शब्दाने आपला मूळ स्वभाव तेथे अधिक प्रामाणिकपणे प्रकट केला आहे: शुद्धिपत्र लागते ते चूक झाली म्हणूनच.

महाडच्या चवदार तळ्याचे प्रकरण ह्याच शब्दाभोवती फिरते, असे आमचे मत आहे. त्याकडे भाषाभ्यासकांचे लक्ष जावयास हवे तितके गेलेले नाही. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये तळे सर्वांस खुले असल्याचा ठराव केला होता. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर व त्यांच्यासह जमलेला समुदाय तळ्यावर जाऊन पाणी प्याला. त्यानंतर मारहाण झाली, आणि मग गावातील सवर्णांनी पंचगव्याने तळ्याची ‘शुद्धी’ केली. ह्या शुद्धीत शब्दाचा सारा क्रूरपणा एकवटला आहे. ज्यांनी पाणी प्याले त्यांना कोणी अपराधी म्हटले नाही, त्यांच्यावर कसला आळ घेतला नाही, त्यांना खरे-खोटे करण्यास कोणी बसले नाही. पाणी शुद्ध केले, एवढेच. दोष कृतीचा असता तर तो नाकारता आला असता. येथे दोष अस्तित्वाचाच मानला होता, आणि अस्तित्वाच्या दोषास निवाडा नसतो, केवळ शुद्धी असते. तीही दोषी मानलेल्याची नव्हे, त्याने स्पर्श केलेल्या वस्तूची.

म्हणून पुढील लढा ज्या भाषेत लढला गेला ती भाषा ध्यानात घ्यावी. त्याच वर्षी नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला, डिसेंबरात दिवाणी न्यायालयात दावा दाखल झाला, आणि तो दहा वर्षे चालला. तळ्यावर आपला वहिवाटीचा एकांतिक हक्क आहे, अस्पृश्यांस तेथे न येऊ देण्याची अनादी रूढी आहे, असे वादींचे म्हणणे. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ती रूढी सिद्ध झाली नाही असा निर्णय देऊन वादींचे अपील फेटाळले. आंबेडकरपक्षाने कोठेही आपण शुद्ध आहोत असे म्हटले नाही. तसे म्हणणे म्हणजे प्रतिपक्षाचा शब्द स्वीकारणे होते. पुराव्याचा भार त्यांनी प्रतिपक्षावर ढकलला आणि तो प्रतिपक्षास पेलला नाही. दोषनिवृत्तीचे शब्द जेथे जेथे फसवे आहेत तेथे ते न वापरणे, हाही एक मार्ग आहे. महाडने तो दाखविला.

तिसरी रीत सुटण्याची. आजच्या न्यायालयाची भाषा ह्याच धातूवर उभी आहे, मग तो ‘मुक्त’ ह्या संस्कृत रूपात असो की ‘सुटका’ ह्या मराठी रूपात. कायद्याच्या मराठी परिभाषेत ‘दोषमुक्त करणे’ आणि ‘विनादोषारोप सोडणे’ असे दोन प्रयोग केले गेले, ते योग्यच झाले. कारण पहिल्यात खटला चालून निर्णय होतो व त्याच अपराधासाठी पुन्हा खटला चालविता येत नाही, तर दुसऱ्यात आरोप ठेवण्यापुरतेही साधन नाही म्हणून मनुष्य सोडला जातो आणि पुढे नवे साधन मिळाल्यास त्यास पुन्हा बोलावता येते. वृत्तपत्रे दोहोंसही ‘निर्दोष सुटका’ म्हणतात. अलीकडे ‘क्लीन चिट’ हा शब्द आला, आणि तो न्यायालयाखेरीज कोणीही देऊ शकतो असे दिसते.

परंतु परिभाषेचा दोष केवळ वृत्तपत्रांच्या माथी मारून चालणार नाही. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत, आणि तिच्या जागी १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही, दोषमुक्ती एकाच वाटेने येत नाही. पुरावा पाहून येते. समन्स-खटल्यात फिर्यादी नेमल्या दिवशी हजर राहिला नाही तरी येऊ शकते. काही अपराधांत दोन्ही पक्षांनी आपसात तडजोड केली तर तिचाही परिणाम दोषमुक्तीचाच होतो. ज्याचे म्हणणे खरे होते तो, ज्याचा फिर्यादी गैरहजर राहिला तो, आणि ज्याने फिर्यादीस राजी केले तो, असे तिघे एकाच शब्दाखाली एकाच दाराने बाहेर पडतात. कायद्यास हे चालते, कारण त्याला शिक्षा करावयाची की नाही एवढेच ठरवावयाचे असते. समाजास चालत नाही. समाज दाराबाहेर उभा राहून प्रत्येकाला विचारतो, तू कसा सुटलास?

हा प्रश्न नोकरीच्या प्रकरणात कायद्यालाही टाळता आला नाही. दोषमुक्त झालेल्या सेवकास पुन्हा कामावर घ्यावयाचे की नाही, हे ठरविताना ‘सन्मानपूर्वक’ दोषमुक्ती असा एक निराळा प्रकार मानला जाऊ लागला. तमिळनाडूतील एका पोलीस कर्मचाऱ्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये स्पष्ट केले की हा किंवा पूर्णतः दोषरहित ठरल्याचे सांगणारा असा कोणताही शब्दप्रयोग प्रक्रिया संहितेत अथवा दंडसंहितेत नाही. तो न्यायालयीन निर्णयांतून घडला आहे आणि त्याची नेमकी व्याख्या करणे कठीण आहे. सगळा पुरावा तपासून अभियोगपक्ष आरोप शाबीत करण्यात सपशेल अपयशी ठरला, असे दिसले तरच सन्मानाची भाषा शक्य आहे, असा त्या विवेचनाचा आशय. आम्हास त्या निर्णयाच्या कायदेशीर बाजूविषयी काही म्हणावयाचे नाही. पण भाषेच्या दृष्टीने घडले ते असे: ‘सुटला’ ह्या शब्दाने जे दिले नाही ते मागण्यासाठी त्याच्यामागे एक विशेषण जोडावे लागले. ‘खरा झाला’ ह्यास असे विशेषण कधी लागले नव्हते. कोणी सन्मानपूर्वक खरा होत नाही. खरेपणातच सन्मान येऊन जातो.

ह्याच ठिकाणी ‘माफी’ वेगळी काढावयास हवी, कारण जनमानसात तीही दोषनिवृत्ती समजली जाते. खाडीपलीकडच्या मुंबईत १९५९ साली नानावटी खटल्यात ज्युरीने आठ विरुद्ध एक मताने आरोपीस दोषी नाही असे ठरविले. उच्च न्यायालयाने ते मत बाजूला सारून जन्मठेप दिली, सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये ती कायम केली, आणि १९६४ मध्ये राज्यपालांनी माफी दिली. ज्युरीचा शब्द आणि राज्यपालांचा शब्द ह्यांनी शेवटी मनुष्य एकाच जागी, घरी, पोचला. पण ज्युरी म्हणत होती की अपराध नाही, आणि माफी म्हणत होती की अपराध आहे, शिक्षा नको. लोकांनी दोहोंचा जयजयकार सारख्याच आवाजात केला, ह्यावरून शब्दविवेक किती क्षीण झाला होता ते दिसते.

ललित वाङ्मयाने हा विवेक अधिक जागा ठेवला आहे. देवलांच्या ‘मृच्छकटिका’त चारुदत्तावर वसंतसेनेच्या खुनाचा आरोप आहे, वधस्थानी वसंतसेनाच जिवंत येऊन उभी राहते. जिचा खून झाला तीच साक्षीस आली, तेव्हा ‘पुराव्याअभावी’ म्हणण्यास जागाच उरत नाही. चारुदत्त सुटत नाही, खरा होतो. म्हणून प्रेक्षकांस पूर्ण समाधान लाभते. ह्याच्या समोर तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ (१९६७) ठेवावे. बेणारेबाईंवर चाललेला खटला खोटा, न्यायाधीश खोटा, साक्षीदार खोटे. आरोप मात्र हळूहळू खरा होत जातो. पुष्कळ समीक्षकांनी ह्या नाटकातील क्रौर्याविषयी लिहिले आहे. आम्हास त्याच्या शेवटी अधिक भयंकर काही दिसते. सर्वजण भानावर येतात आणि तो सारा खेळच होता अशी बाईंची समजूत घालू पाहतात. आरोप परत घेतला जात नाही. तो झालाच नव्हता असे ठरविले जाते. खोट्या कोर्टास शिक्षा देता येते, दोषमुक्ती देता येत नाही. आळ घेणारा ‘गंमत केली’ म्हणून मोकळा होतो, तेव्हा ज्याच्यावर आळ आला त्याला येजितखत मागण्याचीही सोय राहत नाही. रोजच्या जीवनात आपण कित्येकांस ह्याच रीतीने सोडतो, म्हणजे स्वतः सुटतो.

शेवटी नवगावाकडे वळू. अलिबागच्या उत्तरेस समुद्रकाठी असलेल्या ह्या गावी आपल्या पूर्वजांचे गलबत फुटले, अशी बेने इस्राएल समाजाची परंपरा आहे. शतकानुशतके ह्या किनाऱ्यावर तेलाचे घाणे चालवून आणि शनिवारी ते बंद ठेवून हा समाज ‘शनवार तेली’ म्हणून ओळखला गेला. किहीमकर, पेणकर, रोहेकर ही आडनावे त्याच्या मराठी मुळांची साक्ष देतात. परंपरा असेही सांगते की दावीद रहाबी नावाचा यहुदी प्रवासी येथे आला तेव्हा त्याने हे लोक खरोखर यहुदी आहेत की नाहीत हे पाहण्यासाठी स्त्रियांपुढे मासळी ठेवली. त्यांनी पर व खवले असलेली मासळी तेवढी निवडून रांधावयास घेतली आणि बाकीची बाजूस सारली. दिव्याचा इतका सौम्य आणि इतका कोकणी प्रकार आमच्या पाहण्यात दुसरा नाही. हात भाजला नाही, शपथ झाली नाही. रोजच्या रांधण्यातूनच मनुष्य खरा झाला. परीक्षा घेणाराने पुढे ह्या समाजास धर्माचे शिक्षण दिले, म्हणजे त्याने आपला संशय कृतीने मागे घेतला.

दुसरी परीक्षा इतकी सौम्य नव्हती. इस्राएल राष्ट्र स्थापन झाल्यावर ह्या समाजातील पुष्कळ मराठीभाषक कुटुंबे तेथे गेली. १९६०नंतर तेथील प्रमुख धर्मपीठाने विवाहनोंदणीसाठी असा आदेश काढला की बेने इस्राएल व्यक्तीचा विवाह अन्य यहुद्याशी लावण्यापूर्वी तिच्या मातृकुळाची जितकी मागे जाता येईल तितकी चौकशी करावी. आरोप कोणावरच नव्हता. संशय सर्वांवर होता. आरोपास उत्तर देता येते. संशयास काय द्यावे? शनवार तेल्यांच्या वंशजांनी शुद्धी मागितली नाही, सवलतही मागितली नाही. त्यांनी धरणे धरले. १७ ऑगस्ट १९६४ रोजी तेथील संसदेने, म्हणजे क्नेसेटने, बेने इस्राएल हे सर्व दृष्टींनी यहुदी असून इतरांच्या बरोबरीने सर्व हक्कांस, विवाहविषयक हक्कांसही, पात्र आहेत असे जाहीर केले. त्यानंतर धर्मपीठाने आदेशातून त्यांचे नाव काढले, आणि त्या जागी ज्यांच्याविषयी शंका असेल अशी कोणतीही व्यक्ती, ह्या अर्थाचे शब्द घातले.

मराठी शब्दांच्या काट्यावर हे प्रकरण तोलून पाहावे. संसदेने दिले ते जयपत्र. त्यावर राष्ट्राची मोहोर आहे. पण ज्या पीठाने संशय घेतला होता त्याच्याकडून आले ते येजितखत नव्हे. समाजाचे नाव गेले, संशयाचे कलम राहिले. ह्या समाजापुरते पाहिले तर ते ‘सुटले’ म्हणावे लागेल. संसदेच्या शब्दांप्रमाणे ते ‘खरे झाले’. आणि ‘शुद्ध झाले’ असे मात्र कोणालाही म्हणता येणार नाही, कारण ते त्यांनी होऊ दिले नाही. मासळी निवडणाऱ्या स्त्रियांच्या त्या कथेत आणि १९६४ च्या त्या उन्हाळ्यात जे अंतर आहे ते ह्याच तीन क्रियापदांचे आहे, आणि ते मोजण्यास कोणत्याही मराठी कोशातील ‘निर्दोष’ ह्या नोंदीचा उपयोग होत नाही.